महदाइसा आणि रिद्धपूरच्या पोथ्या

१. प्रचलित मत आणि त्याचा उणेपणा

महदाइसा ऊर्फ महदंबा ही मराठीतील पहिली ज्ञात कवयित्री. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात असलेल्या रिद्धपूर येथे तिने श्रीकृष्ण-रुक्मिणी विवाहाचे ‘धवळे’ रचले. वाङ्मयेतिहासाच्या पुस्तकांतून, अभ्यासक्रमांतून आणि स्पर्धा परीक्षांच्या टिपणांतून तिची ओळख एवढ्यावर संपते. ‘आद्य कवयित्री’ हे बिरूद तिच्या नावामागे लागते आणि वाचक पुढे मुक्ताबाई-जनाबाईंकडे वळतो.

हे बिरूद खोटे नाही, पण उथळ आहे. पहिलेपणा तारखेवर अवलंबून असतो. उद्या एखाद्या मठाच्या कपाटातून महदाइसेच्या आधीच्या एखाद्या स्त्रीची ओवी निघाली, तर बिरूद गळून पडेल आणि त्याबरोबर महदाइसेचे महत्त्वही संपेल काय? ते संपणार नसेल, तर ते तारखेपलीकडे कुठेतरी असले पाहिजे. दुसरे असे की या बिरुदामुळे ती एकटी उभी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात तिच्या मागेपुढे महानुभाव पंथातील बाइसा, आबाइसा, उमाइसा, साधा, हिराइसा अशा स्त्रियांचा मोठा मेळा होता. ‘आद्य’ म्हणताना हा सगळा मेळा पुसला जातो. आणि तिचे मोजमाप केवळ पद्यावर होते, म्हणजे तिने आयुष्यभर केलेल्या कामाचा लहानसा भागच जमेस धरला जातो.

येथे मांडायचा सिद्धांत असा: महदाइसेचे मोठेपण मराठीच्या पहिल्या मोठ्या स्मरणग्रंथांच्या घडणीतील तिच्या वाट्यात आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचे निरूपण, त्यांचे गुरू गोविंदप्रभू यांच्या आठवणी, पुढचा नागदेवाचार्यांचा काळ हे सारे ज्या गद्यात टिकले, त्या गद्याला विषय पुरवणारी, प्रश्नांनी त्याला दिशा देणारी आणि ऐकलेले जपून ठेवणारी ती एक प्रमुख व्यक्ती होती. ‘धवळे’ हे त्याच कामाचे पद्यरूप आहे. म्हणून तिचे जीवन आणि तिच्याविषयीच्या व तिच्या रचनांच्या पोथ्या एकत्र वाचाव्या लागतात.

२. चरित्र तीन पोथ्यांत वाटलेले आहे

महदाइसेच्या हातचा एकही कागद उपलब्ध नाही. पत्र, रोजनिशी, आत्मकथन यांपैकी तिने काही मागे ठेवलेले नाही. तरीही तेराव्या शतकातील इतर कोणत्याही मराठी स्त्रीपेक्षा तिच्याविषयी अधिक तपशील हाती येतात, कारण ज्या पंथात ती वावरली त्या महानुभाव पंथाने आपल्या माणसांचे बोलणे-चालणे लिहून ठेवण्याचा ध्यास घेतला होता.

परंपरेनुसार तिचे मूळ नाव रूपाइसा. घराण्यातील महदाइसा नावाच्या थोर पूर्वज स्त्रीवरून तिलाही महदाइसा म्हणू लागले. ती पूर्वज महदाइसा यादवांच्या दरबारातील पुरोहित वामनाचार्यांची पत्नी, आणि तिने दरबारात विद्वानाला वादात जिंकले, अशी कथा पंथात सांगितली जाते. कथेतला तपशील किती ऐतिहासिक हे ठरवणे अवघड असले, तरी महदाइसेच्या घरात विद्येचा वारसा होता आणि तो स्त्रीच्या नावाने सांगितला जात होता, एवढे तीवरून निश्चित समजते. घराण्याचे गाव गोदावरीकाठचे रामसगाव. लहानपणीच तिला वैधव्य आले. पुढे रामदेव ऊर्फ दादोस यांच्या शिष्यवर्गात ती आली आणि त्यांच्यामार्फत चक्रधरांना भेटली. पंथाचे पहिले आचार्य नागदेव हे नात्याने तिचे चुलत भाऊ.

यापुढचे तिचे आयुष्य तीन ग्रंथांत विभागले गेले आहे आणि प्रत्येक ग्रंथात ती वेगळ्या वयाची, वेगळ्या भूमिकेतली दिसते. चक्रधरांच्या आठवणींच्या ‘लीळाचरित्रा’त ती त्यांच्यापुढे बसून शंका विचारणारी शिष्या आहे. चक्रधर १२७४ च्या सुमारास उत्तरेकडे निघून गेल्यावर शिष्यमंडळी रिद्धपुरास गोविंदप्रभूंच्या सेवेत राहिली. त्या काळाचे चित्र ‘गोविंदप्रभूचरित्रा’त येते आणि तेथे महदाइसा सेवा करणारी, लहरी प्रभूंची मर्जी सांभाळणारी, मागणी होताच गीत रचणारी म्हणून भेटते. गोविंदप्रभूंच्या पश्चात नागदेवाचार्यांभोवती जमलेल्या मंडळींचा वृत्तांत ‘स्मृतिस्थळा’त आहे. त्यात ती म्हातारी झालेली आहे, तिचा शब्द मानला जातो आणि तिच्या जाण्यानंतर आचार्य तिच्याविषयी ज्या आदराने बोलतात, तो आदर त्या ग्रंथात फार थोड्यांच्या वाट्याला आला आहे. तरुण शिष्या, सेविका-कवयित्री आणि पंथाची वडीलधारी असा हा क्रम एका स्त्रीच्या बाबतीत सलग नोंदलेला सापडणे, ही मध्ययुगीन भारतीय वाङ्मयात दुर्मिळ गोष्ट आहे.

३. विचारणारीचे ग्रंथातील स्थान

‘लीळाचरित्रा’ची रचना लक्षात घेतल्याशिवाय महदाइसेच्या प्रश्नांचे मोल कळत नाही. ग्रंथाचे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. एकांक म्हणजे चक्रधरांच्या एकट्या भ्रमंतीचा काळ. त्या काळात त्यांच्याबरोबर पाहणारे, ऐकणारे कोणीच नव्हते. मग त्या काळातल्या लीळा, म्हणजे प्रसंग, ग्रंथात आल्या कशा? पुढे शिष्यांनी विचारले, प्रसंगाने विषय निघाला आणि चक्रधरांनी स्वतः सांगितले म्हणून. म्हणजे ग्रंथाचा हा संपूर्ण भाग श्रोत्यांच्या विचारण्यावर उभा आहे. कोणी विचारले नसते, तर चरित्राचा आरंभच कोरा राहिला असता. विचारणाऱ्यांत नागदेव आणि बाइसा यांच्याबरोबर महदाइसा आहे.

विचारण्यातही प्रत्येकाची तऱ्हा निराळी आहे. बाइसांचे बोलणे बहुधा चक्रधरांच्या आहार-विश्रांतीच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या काळजीतून येते. महदाइसेचा ओढा तत्त्वाकडे. एक उत्तर मिळाले की त्यातून दुसरी शंका काढावी, ऐकलेल्या दोन गोष्टींत मेळ बसत नसेल तर तो विचारून घ्यावा, असा तिचा स्वभाव ग्रंथभर दिसतो. चक्रधर तिच्या या चौकसपणाचे कौतुक करतात. पुढे पंथातील विद्वान केसोबासांनी लीळांमधून चक्रधरांची वचने वेचून सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतांची स्वतंत्र मांडणी केली. ती वचने मुळात संभाषणात उच्चारलेली आहेत आणि संभाषणाला दुसरी बाजू असते. सूत्रपाठ वाचताना ती दुसरी बाजू अदृश्य होते, ‘लीळाचरित्र’ वाचताना ती पुन्हा दिसते. महानुभाव तत्त्वज्ञानाचा इतिहास लिहिताना सूत्रे घ्यायची आणि ती निघायला कारण झालेल्या प्रश्नकर्तीला चरित्राच्या तळटीपेत टाकायचे, ही वाटणी न्याय्य नाही.

या प्रश्नांचा भाषेशीही संबंध आहे. चक्रधर मूळचे गुजरातचे, पण त्यांनी निरूपणासाठी लोकांची मराठी पत्करली. केसोबासांनी संस्कृतात रचना सुरू केली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण संस्कृतामुळे आपल्या पंथातील म्हाताऱ्या स्त्रिया ज्ञानाला मुकतील अशी त्यांना चिंता होती. हा प्रसंग मराठीच्या अभिमानाचा दाखला म्हणून व्यासपीठांवरून अनेकदा सांगितला जातो. पण त्यात स्त्रिया केवळ दयेचा विषय नाहीत, हे क्वचितच ध्यानात घेतले जाते. महदाइसेसारख्या, वाद करू शकणाऱ्या, ऐकलेले ध्यानात ठेवणाऱ्या, चूक पकडणाऱ्या श्रोत्या पंथात होत्या. त्यांना वगळून पंथाचे ज्ञान पुढे नेणे शक्य नव्हते. नागदेवाचार्यांचा आग्रह ही व्यवहाराची निकड होती, आणि ती निकड अशा स्त्रियांनी निर्माण केली होती.

४. रिद्धपूर, कौंडण्यपूर आणि धवळ्यांचा प्रसंग

गोविंदप्रभू, ज्यांना गुंडम राऊळ म्हणत, हे रिद्धपूरजवळच्या काटसुऱ्याचे. त्यांचे वागणे लोकरीतीला सोडून होते. लहान मुलासारखा हट्ट, अचानक हसणे, रागावणे, कोणाच्याही घरी शिरून काही मागणे, हे सगळे रिद्धपूरच्या लोकांनी पाहिले आणि त्यांना वेडे न म्हणता देव मानले. अशाच एका लहरीत विवाहाचा खेळ मांडला गेला आणि लग्न म्हटल्यावर लग्नाची गाणी हवीत म्हणून महदाइसेला गाण्यास सांगण्यात आले. तेव्हा तिने जे गाइले, ते धवळ्यांचा पूर्वार्ध. उत्तरार्ध पुढे सहशिष्यांच्या आग्रहावरून रचला गेला, असे परंपरा सांगते. दोन्ही मिळून सुमारे १४८ ओव्या मानल्या जातात. काळ साधारणपणे १२८६-८७ चा.

हा प्रसंग बहुधा गमतीची आख्यायिका म्हणून सांगितला जातो. त्यातील तीन गोष्टींकडे बारकाईने पाहिले पाहिजे.

पहिली गोष्ट विषयाच्या निवडीची. लग्नात गायला शिव-पार्वतीची, राम-सीतेची गाणी चालली असती. महदाइसेने कृष्ण-रुक्मिणी निवडले. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चक्रपाणी, गोविंदप्रभू आणि चक्रधर येतात. गोविंदप्रभू आणि द्वारकेचा कृष्ण हे एकाच परमेश्वराचे अवतार, ही पंथाची श्रद्धा. तेव्हा गोविंदप्रभूंच्या लग्नात कृष्णाचे लग्न गाणे म्हणजे समोर बसलेल्या माणसाची खरी ओळख त्याच्यासमोरच सांगणे होय. सिद्धांत तिने गाण्यात उतरवला, तोही मागणी झाली त्या घडीला. याला उत्स्फूर्तता म्हणतात हे खरे, पण अशी उत्स्फूर्तता वर्षानुवर्षांच्या श्रवणाशिवाय येत नाही.

दुसरी गोष्ट स्थळाची. रुक्मिणी विदर्भाची राजकन्या. तिचे माहेर मानले जाणारे कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी, अमरावती जिल्ह्यातील तिवसा तालुक्यात आहे आणि तेथील रुक्मिणीची पालखी आजही आषाढीला पंढरपुरास जाते. अमरावतीच्या अंबादेवीच्या दर्शनाला आली असता कृष्णाने तिला नेले, अशी त्या भागाची दृढ समजूत आहे. म्हणजे रिद्धपुरात बसून महदाइसा ज्या मुलीचे लग्न गात होती, ती त्याच मुलखाची लेक होती. श्रोत्यांना कथा परकी नव्हती. वऱ्हाडातली मुलगी, तिच्या मनाविरुद्ध भावाने ठरवलेले स्थळ, तिने परस्पर धाडलेला निरोप आणि आलेला नवरा: एवढ्या सामग्रीवर लग्नघरातल्या बायकांना शेवटपर्यंत धरून ठेवता येते.

तिसरी गोष्ट वाङ्मयप्रकाराची. धवळे ही लग्नात बायकांनी गायची गाणी. अशी गाणी त्याआधीही असणारच, पण ती गाणाऱ्यांबरोबर विरून जात. महदाइसेने बायकांच्या तोंडी असलेला प्रकार उचलला, त्यात भागवतातील कथा बसवली आणि पंथाने तो जपण्याजोगा ग्रंथ मानला. नरेंद्राचे अलंकारांनी नटलेले ‘रुक्मिणीस्वयंवर’ १२९२ च्या सुमाराचे, एकनाथांचे १५७१ चे. मराठीत पुढे रुक्मिणीस्वयंवरांची जी लांब परंपरा झाली, तिचा उपलब्ध आरंभ बायकांच्या गाण्यात आहे.

तिच्या नावावर ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ ही आणखी एक रचना आहे. तिच्यात वर्णमालेच्या क्रमाने एकेका अक्षरावरून ओवी सुरू होते. याकडे अक्षरांचा खेळ म्हणून पाहता येईल, पण पाठांतरावर जगणाऱ्या समाजात अशा बांधणीला वेगळा उपयोग असतो. एखादी ओवी गळाली तर मधले अक्षर गेल्याचे लगेच लक्षात येते, क्रम उलटा होऊ शकत नाही, अक्षरओळख नसलेल्या श्रोतीला कथेबरोबर वर्णमालाही पाठ होते. आपले काव्य टिकावे कसे, याचा विचार कवयित्रीने रचतानाच केला असल्याची ही खूण मानायला हरकत नाही. निदान तिच्या भोवतालच्या मंडळींत टिकवण्याची चिंता किती खोल मुरली होती, हे त्यातून दिसते.

५. पोथीचा प्रवास

महानुभाव वाङ्मयाचा इतिहास हा हरवण्याचा आणि पुन्हा मिळवण्याचा इतिहास आहे. सराळ्याचे म्हाइंभट चक्रधरांच्या लीळा जमवायला निघाले, तेव्हा त्यांनी आधी नागदेवाचार्यांना विचारले आणि मग ज्या ज्या व्यक्तीने एखादा प्रसंग पाहिला-ऐकला असेल तिच्याकडे जाऊन तो टिपून घेतला. साक्षीदाराला गाठून लिहून घेण्याची ही पद्धत त्या काळाच्या मानाने विलक्षण काटेकोर होती. पुढे यादव राज्यावर उत्तरेकडून स्वाऱ्या आल्या. त्या धामधुमीत म्हाइंभटांची ‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत नष्ट झाली, असे पंथाची परंपरा सांगते. ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्या तोंडून तो पुन्हा लिहून काढावा लागला. अशा पाठकांत हिराइसेचे नाव अग्रभागी आहे. तिची स्मरणशक्ती असामान्य होती आणि तिच्या पाठावर विसंबून पुढची प्रत उभी राहिली. मराठीच्या पहिल्या गद्यग्रंथाचा मजकूर एका काळात काही माणसांच्या आणि त्यांतही एका स्त्रीच्या आठवणीतच शिल्लक होता.

पुन्हा लिहिताना सगळ्यांची आठवण एकसारखी निघाली नाही. येथे पंथाच्या लेखकांनी जे केले, ते आजच्या संपादकालाही आदर्श वाटावे. त्यांनी एकाचीच आठवण खरी मानून बाकीच्या गाळल्या नाहीत. मूळ मजकुराशेजारी, अमक्याची ‘वासना’ अशी आहे, असे स्मरणकर्त्याचे नाव घालून पाठभेद नोंदवले. प्रसंग कुठे घडला, आधी काय घडले, हे पडताळून ‘शोधु’ या खुणेखाली माहिती जोडली. पोथी उघडली की सलग चाललेल्या लीळेत मध्येच हे शब्द येतात आणि वाचणारा क्षणभर थांबतो: इथे दोन माणसांना दोन गोष्टी आठवल्या होत्या, आणि लिहिणाऱ्याने दोघांनाही जागा दिली. महदाइसेविषयीचे प्रसंग याच रीतीने आले आहेत. तिच्या चरित्राचे साधन म्हणून ही पोथी वापरताना हे पाठभेद अडचण नसून पुरावा आहेत, कारण ते प्रसंगाला अनेक साक्षीदार होते हे दाखवतात.

पंथाने नंतर आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. चौदाव्या शतकात रवळोबासांनी सकळ लिपी सिद्ध केली, पुढे सुंदरी आणि इतरही लिप्या आल्या. सकळ लिपीत बहुतेक अक्षरे नागरीच दिसतात, पण एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर येते. त्यामुळे पान वाचता येते आणि अर्थ मात्र लागत नाही. हे का केले याची कारणे वेगवेगळी सांगितली जातात: बाहेरच्यांच्या विरोधापासून बचाव, ग्रंथांचे पावित्र्य, अनधिकाऱ्यांच्या हाती ज्ञान जाऊ नये ही इच्छा. कारण काहीही असो, परिणाम दुहेरी झाला. उर्वरित महाराष्ट्राला पाचेक शतके ‘धवळे’ किंवा ‘लीळाचरित्र’ जवळपास ठाऊकच नव्हते. उलट, मजकूर बाहेरच्या लेखनिकांच्या हातून सुटला. ‘ज्ञानेश्वरी’च्या प्रतींत इतके अपपाठ शिरले होते की १५८४ मध्ये एकनाथांना ती शुद्ध करावी लागली. महानुभावांच्या पोथ्यांत यादवकालीन मराठीची रूपे तुलनेने अधिक जुनी राहिली, म्हणूनच भाषेच्या अभ्यासकांना त्या इतक्या मोलाच्या वाटतात. पंथ पंजाबात आणि पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत गेला, तेथे त्याला जयकृष्णी म्हणत, आणि त्याच्याबरोबर मराठी पोथ्याही गेल्या.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली शोधली आणि वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथ वाचकांपुढे आणले. महंतांनीही आपली कपाटे हळूहळू उघडली. त्यानंतरचे काम बरेचसे विदर्भात झाले, ही बाब पुणे-मुंबईकेंद्री वाङ्मयेतिहासात जितकी ठळक व्हायला हवी तितकी झालेली नाही. यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांनी ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये लिहिले आणि शारदाश्रमातून जुन्या साधनांचा शोध चालवला. ह. ना. नेने यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती नागपुरातून १९३६ पासून भागाभागाने निघू लागली. मलकापूर तालुक्यातील नरवेलचे वि. भि. कोलते यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र संपादित केले आणि राज्य साहित्य संस्कृती मंडळासाठी केलेली त्यांची ‘लीळाचरित्रा’ची आवृत्ती १९७८ मध्ये आली. या आवृत्तीतील काही पाठांवर पंथातून तीव्र आक्षेप घेतले गेले. पोथी ही श्रद्धावंतांची ठेव आणि अभ्यासकाचे साधन एकाच वेळी असते, तेव्हा असा ताण अटळ असतो. त्याचा निवाडा आवाजाच्या जोरावर करता येत नाही, प्रती समोरासमोर ठेवूनच करावा लागतो. इंग्रजीत ॲन फेल्डहाऊस यांनी १९८४ मध्ये गोविंदप्रभूंचे चरित्र आणि १९९२ मध्ये शं. गो. तुळपुळे यांच्यासह ‘स्मृतिस्थळ’ उपलब्ध करून दिले. महदाइसा त्या वाटेने मराठी न जाणणाऱ्यांपर्यंत गेली.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप साधनांच्या विश्वसनीयतेचा. हे ग्रंथ भक्तांनी आपल्या देवाविषयी लिहिले आहेत, त्यांवरून एका स्त्रीचे चरित्र कसे रचायचे? भक्तीने अतिशयोक्ती होते, हे मान्यच आहे. पण अतिशयोक्ती कुठे होते ते पाहिले पाहिजे. ती चक्रधर-गोविंदप्रभूंच्या सामर्थ्याविषयी होते. कोण कुठे बसले होते, काय शिजले होते, शिष्यांत कोण कोणावर रुसले, कोणी काय विचारले, या तपशिलांत भक्ताचा स्वार्थ नसतो. शिष्यांच्या चुका, हेवेदावे, अडाणी प्रश्नही या ग्रंथांनी लपवलेले नाहीत. महदाइसेची माहिती मुख्यतः अशाच सहज आलेल्या तपशिलांतून मिळते. दानपत्रे आणि शिलालेख राजाचा गौरव करतात म्हणून इतिहासकार ती टाकून देत नाही, गौरव बाजूला ठेवून गावांची आणि माणसांची नावे घेतो. तीच रीत येथे लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. निरूपणाच्या ग्रंथांत शिष्याचा प्रश्न ही केवळ रचनेची सोय असते. उपनिषदांपासून हेच चालत आले आहे, मग महदाइसेच्या प्रश्नांना तिचे स्वतःचे श्रेय का द्यायचे? हा आक्षेप अर्धा खरा आहे. काही ठिकाणी प्रश्न उत्तरासाठी निमित्त म्हणून आले असतील. तरी सर्व प्रश्न निव्वळ सोय म्हणून आले असते, तर ते कोणाच्याही तोंडी घालता आले असते आणि सर्व विचारणारे सारखेच बोलले असते. तसे झालेले नाही. बाइसा, नागदेव, महदाइसा यांची बोलण्याची धाटणी वेगळी राहते, आणि तीन निरनिराळ्या ग्रंथांतली महदाइसा एकमेकींशी जुळते. ‘लीळाचरित्रा’तली चौकस शिष्या ‘स्मृतिस्थळा’त अधिकारी म्हातारी होते, हा विकास कोणी एका लेखकाने योजलेला नाही. कर्नाटकात वीरशैव कवयित्री अक्कमहादेवीचा अल्लमप्रभूंशी झालेला संवाद ‘शून्यसंपादने’त आहे, पण तो ग्रंथ तिच्यानंतर सुमारे तीन शतकांनी सिद्ध झाला. महदाइसेचे बोलणे टिपणारे तिला पाहिलेले, तिच्याबरोबर राहिलेले लोक होते. जर्मनीत तिच्याच शतकात होऊन गेलेल्या मॅक्डेबुर्गच्या मेष्टहिल्ड या ख्रिस्ती साधिकेचे मूळ शब्द हरवले आणि भाषांतरे तेवढी उरली. या दोघींच्या तुलनेत महदाइसेचा पुरावा तिच्या काळाच्या आणि तिच्या भाषेच्या फार जवळचा आहे.

तिसरा आक्षेप काव्यगुणांचा: ‘धवळे’ साधे आहेत, नरेंद्राच्या वैभवापुढे किंवा ज्ञानेश्वरांच्या प्रतिभेपुढे ते फिके वाटतात. पण मोजपट्टी कोणती, यावर निवाडा ठरतो. ‘धवळे’ एकांतात वाचण्यासाठी लिहिलेले नाहीत, ते जमलेल्या लोकांत गाण्यासाठी आहेत. गाण्यात उपमांची दाटी झाली तर कथा अडते आणि श्रोता सुटतो. महदाइसा कथा थांबू देत नाही. रुक्मिणीची उत्कंठा, निरोप, वाट पाहणे, वऱ्हाडाची गडबड, हे टप्पे ती थोडक्या ओव्यांत गाठते आणि प्रत्येक पात्राला त्याच्या प्रसंगापुरते बोलू देते. घरातल्या बोलण्याची लय तिच्या ओवीत आहे. एवढे मान्य केले पाहिजे की सर्व ओव्या सारख्या उतरलेल्या नाहीत आणि उत्तरार्धात पूर्वार्धाची चपळाई सर्वत्र टिकत नाही. प्रसंगी गाइलेले आणि नंतर आग्रहावरून पुरे केलेले यांत असा फरक पडणे स्वाभाविक आहे.

चौथा आक्षेप वऱ्हाडातूनच उठू शकतो. घराणे गोदावरीकाठचे, म्हणजे मराठवाड्यातले, मग तिला वऱ्हाडची कवयित्री का म्हणायचे? माणसाचा प्रदेश जन्मावरून ठरवण्याची सवय येथे निरुपयोगी आहे. चक्रधर गुजरातचे होते, त्यांना मराठीपासून तोडता येत नाही. महदाइसेचे काव्य ज्या प्रसंगातून जन्मले तो रिद्धपूरचा, ज्या प्रभूंसमोर ते गाइले गेले ते त्याच परिसरातले, ज्या नायिकेची कथा आहे ती विदर्भाची. ‘स्थानपोथी’त चक्रधरांच्या वास्तव्याची स्थाने टिपलेली आहेत, आणि अकोला जिल्ह्यात पातूर तालुक्यातले आलेगाव हे पंथाचे एक महत्त्वाचे क्षेत्र आहे. रिद्धपूर ते आलेगाव असा हा सारा मुलूख पंथीयांच्या पायांखालचा होता. महदाइसा या मुलखात येऊन कवयित्री झाली. मराठवाड्यानेही तिला आपली म्हणावे, त्यात वऱ्हाडचे काही कमी होत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा: ‘आद्य’ हे बिरूद काढले तर सामान्य वाचक तिला विसरेल. बिरूद काढावे असे येथे म्हणणेच नाही. ते राहावे, पण त्यानंतर वाक्य पुढे चालावे. आज ते तिथेच थांबते म्हणून तिचे नाव पाठ असलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांनी तिची एकही ओवी वाचलेली नसते, आणि ‘लीळाचरित्रा’तली महदाइसा हीच ‘धवळे’ रचणारी महदंबा, हेही अनेकांना माहीत नसते.

७. पुढील कामाची दिशा

महदाइसेच्या अभ्यासाला आता नवे साधन शोधण्यापेक्षा असलेले साधन नीट मांडण्याची अधिक गरज आहे. तीन ग्रंथांतील तिच्या उल्लेखांचा एकत्रित संग्रह, पाठभेदांसह आणि स्मरणकर्त्यांच्या नावांसह, व्हायला हवा. ‘धवळे’ आणि ‘मातृकी’ यांच्या निरनिराळ्या मठांतील प्रती एकमेकींशी पडताळून चिकित्सक आवृत्ती तयार झाली पाहिजे, आणि सांकेतिक लिपीतील पानांची छायाचित्रे नागरी वाचनाशेजारी छापली पाहिजेत, म्हणजे वाचकाला संपादकाचा निर्णय तपासता येईल. लग्नगीतांचा अभ्यास करणाऱ्यांनी अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत आजही गायल्या जाणाऱ्या रुक्मिणीच्या गाण्यांशी या ओव्यांची तुलना करावी. चाल, कडव्यांची बांधणी आणि कथेतील टप्पे यांत जुन्या प्रकाराचे काय उरले आहे, हे त्यातून कळेल, आणि ती गाणी ज्यांच्या तोंडी आहेत त्या पिढीच्या हयातीतच हे काम व्हावे लागेल.

१९८३ पासून अमरावतीत विद्यापीठ आहे. २०२४ मध्ये राज्य सरकारने खुद्द रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ स्थापन केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पोथ्या मठांत आहेत, त्या वाचू शकणारे महंत आणि अभ्यासक हयात आहेत, आणि संस्था आता त्याच गावात उभी आहे. वर सांगितलेली संग्रह, आवृत्ती आणि तुलना ही तीन कामे या विद्यापीठाच्या पहिल्या दहा वर्षांच्या आखणीत असावीत, आणि प्रतींची पाहणी पंथाच्या संमतीने व सहभागाने व्हावी.